नाणेघाट ते नारायणगाव : जुन्नर-आंबेगावातील व्यापाराची भाषा आणि तिचे शिक्षण

कुकडी व मीना या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला जुन्नर तालुका आणि त्याच्या दक्षिणेस घोड नदीच्या खोऱ्यात पसरलेला आंबेगाव तालुका यांचा इतिहास बहुधा किल्ले, लेणी आणि घाटवाटा यांच्या अंगाने लिहिला जातो. परंतु कोकणातील बंदरे आणि देशावरच्या बाजारपेठा यांना जोडणाऱ्या या मुलखात परमुलखातून आलेला व्यापारी आणि स्थानिक व्यापारी परस्परांशी कोणत्या भाषेत व्यवहार करीत होते, आणि ती भाषा त्यांना कोण शिकवीत होते, हा प्रश्न फारसा विचारला गेलेला नाही. व्यापाराची भाषा म्हणजे केवळ बाजारातील घासाघीस नव्हे. तीत वजने-मापे, नाणी, व्याजाचे दर, मालाची प्रतवारी, करारातील ठरावीक शब्दयोजना आणि त्या शब्दांनी बांधले जाणारे उत्तरदायित्व या सर्वांचा अंतर्भाव होतो, आणि म्हणूनच ती घरी बोलल्या जाणाऱ्या भाषेहून वेगळी शिकावी लागते. आज पुण्यातील व्यवस्थापनसंस्थांत परदेशी विद्यार्थ्यांना व्यावसायिक इंग्रजी शिकवले जाते, ते याच जुन्या गरजेचे अलीकडचे रूप होय. त्या शिक्षणाची पूर्वपीठिका पुण्याच्या उत्तरेस असलेल्या या दोन तालुक्यांत दोन हजार वर्षे मागे शोधता येते.

नाणेघाट हा कल्याण व सोपारा या बंदरांकडून जुन्नरकडे चढणारा मार्ग. घाटमाथ्याजवळच्या लेण्यात सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा इ.स.पूर्व पहिल्या शतकाच्या सुमाराचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. या लेखाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे श्रेय १८२८ मध्ये तेथे पोहोचलेल्या विल्यम साइक्स या अधिकाऱ्याकडे जाते, आणि त्यातील अंकचिन्हांवर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ मध्ये लेख प्रसिद्ध केला. लेखाचा विषय यज्ञ व दक्षिणा हा असला, तरी गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण (त्या काळचे प्रचलित नाणे) यांची हजारोंच्या घरातील मोजदाद त्यात अंकांनी नोंदवलेली आहे. व्यापारी मार्गाच्या ऐन तोंडाशी, सर्वांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी, मोजून दिलेल्या संपत्तीचा हिशेब दगडात कोरावा असे राज्यकर्त्यांना वाटले, ही बाब त्या मार्गाच्या स्वरूपाविषयी पुष्कळ सांगून जाते. घाटातील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते.

परंतु भाषेच्या दृष्टीने अधिक मोलाचा पुरावा शिवनेरी, मानमोडी आणि लेण्याद्री या डोंगरांतील लेण्यांमध्ये आहे. शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचा लेख आहे. चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघासाठी भोजनमंडप दिला. मानमोडीच्या लेण्यांत चंद नावाच्या यवनाने गर्भद्वार दिल्याची नोंद आहे. यवन हा शब्द मुळात ग्रीकांसाठी वापरला जात असे आणि पुढे पश्चिमेकडून आलेल्या परकीयांना सरसकट लागू झाला, त्यामुळे हे दाते नेमके कोणत्या वंशाचे होते याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मतभेद नाही तो भाषेविषयी. या तिघांचेही लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहेत, आणि दात्याचे नाव, दानाची वस्तू व 'देयधम' म्हणजे धर्मार्थ दान हा शब्द, असा शेजारच्या स्थानिक दात्यांच्या लेखांचाच साचा त्यांनी पाळला आहे. परकीयाने येथील लेखनव्यवहाराची रीत पुरती स्वीकारल्याचा याहून स्पष्ट दाखला मिळणे कठीण.

याच लेण्यांत श्रेणींचे लेख आहेत. श्रेणी म्हणजे एका धंद्यातील लोकांची संघटना. ती आपल्या सभासदांचे नियमन करीत असे आणि लोकांच्या ठेवीही सांभाळीत असे. जुन्नरला धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पोढी दान दिली. बुरुडकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्या नोंदी आहेत. आणि अडुथुम नावाच्या शक उपासकाने कोणाचिक नावाच्या श्रेणीच्या संबंधात करंजाच्या झाडांजवळची वीस व वडाच्या झाडांजवळची नऊ निवर्तने जमीन दान दिल्याचे कोरलेले आहे. निवर्तन हे जमिनीचे माप. शक हा मध्य आशियातून आलेल्या वंशाचा. तो जुन्नरच्या एका श्रेणीच्या व्यवहारात वावरतो, येथील मापाने जमीन मोजतो आणि येथील झाडांच्या खुणेने तिची हद्द सांगतो. नाशिकच्या लेण्यातील उषवदात नावाच्या दात्याच्या लेखावरून अशा ठेवींचे कार्य कसे चाले हे कळते : गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले होते, त्यांपैकी २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले होते, आणि मुद्दल कधीही परत घ्यायचे नव्हते. मुद्दल अबाधित ठेवून केवळ व्याजाचा विनियोग करण्याच्या या पद्धतीस अक्षयनीवी म्हणत. अशा व्यवहारात उतरणाऱ्या परकीयाला शेकड्याची भाषा, महिन्याची गणना आणि अक्षयनीवीचा अर्थ अवगत असणे अपरिहार्य होते. ते ज्ञान कोणत्याही शाळेत मिळत नसून श्रेणीच्या बैठकीत, लेखकाच्या शेजारी बसून मिळत असावे, असे मानणेच सयुक्तिक ठरते.

हा प्रवाह एकाच दिशेने वाहत नव्हता. लेण्याद्रीच्या चैत्यगृहाचा दाता सुलसदत्त हा कल्याणचा, हेरणिकाचा म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार पाहणाऱ्याचा मुलगा होता. कल्याणसारख्या बंदरातून निघालेली माणसे समुद्रापारही जात. सोकोत्रा बेटावरील होक गुहेत भारतीय खलाशी व व्यापारी यांनी कोरलेले लेख मोठ्या संख्येने सापडले असून त्यांतील बहुसंख्य ब्राह्मी लिपीत आहेत. इ.स. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासपुस्तकात कल्याण, पैठण आणि तेर या बाजारपेठांची नावे येतात. क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्या आहेत, आणि याच नहपानाचा अमात्य अयम याचा लेख जुन्नरच्या मानमोडी लेण्यांत आहे. नाणे ज्याच्या हाती पडेल त्याला ते वाचता यावे, हा विचार त्या तीन लिप्यांमागे होता, की ती केवळ राजवंशाची परंपरा होती, हे ठरवता येत नाही. परंतु बहुभाषिकता हा या व्यापाराचा पाया होता, याविषयी शंका उरत नाही.

पंधराव्या शतकात चित्र पालटते. बहमनी राजवटीत जुन्नर हे महत्त्वाचे ठाणे होते, दरबाराची भाषा फारसी होती, आणि वजीर महमूद गावान हा स्वतः व्यापारी पार्श्वभूमीचा असून 'मलिक-उत-तुज्जार' म्हणजे व्यापाऱ्यांचा प्रमुख ही पदवी धारण करीत होता. या काळात रशियातील त्वेर नगरीचा व्यापारी अफानासी निकितीन होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला आणि तेथून सह्याद्री चढून जुन्नरला आला. हे साल साधारण १४७० च्या आगेमागेचे. त्याने विकण्यासाठी एक घोडा सोबत आणला होता. पावसाळ्यामुळे त्याला सुमारे दोन महिने जुन्नरला थांबावे लागले आणि तेथील अधिकारी असदखान याने, हा माणूस मुसलमान नसून रशियन आहे असे कळताच, त्याचा घोडा ताब्यात घेतला. धर्मांतर केल्यास घोडा आणि वर हजार सुवर्णनाणी मिळतील, न केल्यास घोडा जाईल आणि हजार नाण्यांचा दंडही भरावा लागेल, अशी अट घातली. चार दिवसांची मुदत होती. खोरासानहून आलेल्या महंमद नावाच्या एका वजनदार गृहस्थाने रदबदली केली, आणि निकितीन घोड्यासह व स्वधर्मासह सुटला.

जुन्नरच्या इतिहासातील या प्रसंगाची भाषिक बाजू त्याच्या नाट्यमयतेहून अधिक विचारार्ह आहे. निकितीनने 'तीन समुद्रांपलीकडचा प्रवास' या नावाने ओळखला जाणारा वृत्तांत मागे ठेवला. तो मुख्यतः रशियन भाषेत आहे, परंतु ठिकठिकाणी त्यात तुर्की, फारसी व अरबी शब्दांची मिसळ झालेली भाषा येते, आणि काही प्रार्थनाही त्याने याच मिश्र भाषेत लिहिल्या आहेत. होर्मुझपासून बिदरपर्यंतच्या बाजारांत चालणारी ही भाषा त्याने कोणा गुरूकडे शिकल्याचे दिसत नाही; व्होल्गाकाठच्या व कास्पियन समुद्राच्या व्यापारात ती त्याच्या कानावर पडली आणि प्रवासात पक्की झाली असावी. भारतात त्याने ख्वाजा यूसुफ खोरासानी हे नावही धारण केले होते, म्हणजे भाषेबरोबर ओळखही उसनी घेतली होती. तरीही भारतातील मालाविषयी आपल्याला चुकीची माहिती देण्यात आली, मिरी व रंग स्वस्त असले तरी रशियाला नेण्याजोगा माल येथे नाही आणि जकातीचा बोजा मोठा आहे, अशी कडवट तक्रार त्याने नोंदवली. बाजारात बोलता येणे आणि बाजाराचे नियम ठाऊक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे निकितीनच्या अनुभवातून दिसते. पहिली त्याला साध्य होती; दुसरीच्या अभावी त्याचा व्यापार फसला आणि एका मध्यस्थाच्या शब्दावर त्याला विसंबून राहावे लागले.

युरोपात या सुमारास व्यापारी भाषेच्या शिक्षणाची पुस्तके तयार होऊ लागली होती. व्हेनिसमध्ये जर्मन व्यापाऱ्यांची वखार होती आणि तिच्या परिसरात न्यूरेंबर्गचा गेओर्ग हा शिक्षक इटालियन व जर्मन शिकवीत असे. १४२४ मधील त्याच्या पाठ्यपुस्तकात कापडाच्या खरेदीविक्रीची संभाषणे आहेत. दख्खनेत असे पुस्तक आढळत नाही. येथे भाषेचे काम दुभाषा करी, आणि लेखनाचे काम कारकून करी.

जुन्नर हे काही काळ निजामशाहीचे पहिले केंद्र होते. मलिक अहमद याने १४९० मध्ये तेथूनच स्वतंत्र राज्याचा प्रारंभ केला. या राजवटींत जमा, खर्च, बाकी, वसूल, हिशेब, दस्तऐवज ही शब्दसंपत्ती गावोगावच्या कुलकर्ण्यांच्या दप्तरांत इतकी खोल उतरली, की शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर रघुनाथपंडितांनी सिद्ध केलेल्या 'राज्यव्यवहारकोशा'तील संस्कृत प्रतिशब्दांनंतरही ती हलली नाही. त्या कोशातील सुमारे १,४०० शब्द दहा वर्गांत विभागलेले आहेत आणि त्यांपैकी एक वर्ग 'पण्यवर्ग' म्हणजे बाजारातील विक्रेय वस्तूंचा आहे, ही बाब येथे विशेष नोंद घेण्याजोगी आहे. राज्यकारभाराच्या कोशात बाजाराला स्वतंत्र जागा देणारा संपादक व्यवहार जाणणारा होता.

१६७५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर जुन्नरच्या मोगल सुभेदाराच्या विनंतीवरून मुंबईहून तेथे गेला. १६९८ मध्ये लंडनला प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनाला अपरिचित नावे व हुद्दे यांचा खुलासा करणारी सूची जोडलेली आहे, आणि व्यापारातील नाणी, वजने व मापे यांची कोष्टकेही त्यात आहेत. इंग्रज व्यापाऱ्याने परक्या बाजारात कसे वागावे, याचे ते एक प्रकारचे साधनपुस्तकच होते.

पेशवाईच्या काळात व्यापारी भाषेचे शिक्षण पंतोजींच्या शाळेत होत असे आणि त्याचा आशय आजच्या समजुतीपेक्षा पुष्कळ व्यापक होता. धूळपाटीवर अक्षरे गिरवून झाल्यावर मुलाला मोडी लिपीचे वळण दिले जाई. ही लिपी बोरू न उचलता झपाट्याने लिहिता यावी अशी असल्याने पत्रव्यवहार व हिशेब तीतच चालत. पाढ्यांनंतर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड आणि साडेतीन यांचे पाढे, तोंडपाठ करून घेतले जात. कारण मण, शेर व पायलीच्या बाजारात पूर्णांकांपेक्षा अपूर्णांकांशीच गाठ अधिक पडे. पुढचे शिक्षण दुकानात होई. रोजकीर्द म्हणजे दिवसाच्या व्यवहारांची क्रमवार नोंद आणि खतावणी म्हणजे तीच नोंद ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवणे, हे उमेदवार मुलगा गादीवर बसणाऱ्या मुनिमाकडून शिके. हुंडीची भाषा ही त्याहून अवघड पायरी होती. हुंडी म्हणजे एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीला अमुक रक्कम अमुक माणसाला द्यावी असे लिहिलेले पत्र. दाखवताच पैसे देण्याची ती दर्शनी, ठरलेल्या दिवसांनी देण्याची ती मुदती, आणि केवळ पतदार माणसाच्याच हाती पैसे द्यावेत अशी अट असलेली ती शाहजोग. एखादा शब्द चुकला तरी रक्कम भलत्याच्या हाती जाण्याचा धोका असल्याने साचा अक्षरशः पाठ करावा लागे.

हा सारा लेखनव्यवहार ज्या कागदावर होई, तो कागद तयार करण्यासाठी जुन्नर प्रसिद्ध होते. कागदी म्हणून ओळखले जाणारे मुसलमान कारागीर जुन्या गोणपाटासारख्या टाकाऊ तागापासून लगदा करीत, तो धुऊन साच्यावर उचलीत, ताव वाळवून त्यांना खळ देत आणि घोटून गुळगुळीत करीत. जुन्नरी कागद दप्तरांत व वह्यांत वापरला जाई, आणि यंत्रावर तयार झालेला स्वस्त कागद आल्यावर तो धंदा मोडला. व्यापाराच्या भाषेचे भौतिक साधन पुरवणारे हे कारागीर व्यापाराच्या इतिहासात क्वचितच उल्लेखिले जातात. त्यांच्याविना तो इतिहास लिहिलाच गेला नसता.

१८१८ मध्ये पेशवाई जाऊन कंपनीचे राज्य आल्यानंतर काही काळ शिकण्याचा भार राज्यकर्त्यांवर होता. कंपनीच्या अधिकाऱ्यांना देशी भाषांच्या परीक्षा द्याव्या लागत, आणि १८३१ मधील मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश व १८४७ मधील कँडीचा इंग्रजी-मराठी कोश ही त्या गरजेतून निर्माण झालेली थोर कामे आहेत. शतकाच्या उत्तरार्धात भार उलटला. कोर्टकचेरी, रेल्वे आणि मुंबईच्या निर्यातदार पेढ्या यांची भाषा इंग्रजी झाली. भीमाशंकर-आहुपे पट्ट्यासारख्या सह्याद्रीच्या जंगलांत महादेव कोळी कुटुंबे वेचीत असलेला हिरडा कातडी कमावण्यासाठी विलायतेला जाई आणि तेथील बाजारात हिरड्याच्या प्रती वेंगुर्ला, जबलपूर अशा ठिकाणांच्या नावांनी ओळखल्या जात. आपला माल कोणत्या नावाने व कोणत्या भावाने विकला जातो, हे वेचणाऱ्याच्या कानी पोहोचत नसे. शेतकऱ्याची स्थितीही निराळी नव्हती. १८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत सुपे व आसपासच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. जो कागद वाचता येत नाही त्यावर अंगठा उठवून जमीन गमावण्याची ती प्रतिक्रिया होती. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पुणे जिल्ह्यासह चार जिल्ह्यांत शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकासमोर लिहिले जावे, अशी तरतूद केली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांत मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान शिकवावे, अशी मागणी केली. व्यवहाराची भाषा ही शेतकऱ्याच्या संरक्षणाची बाब आहे, हे त्या काळात इतक्या नेमकेपणाने मांडणारे दुसरे निवेदन शोधावे लागेल.

विसाव्या शतकात व्यापारी शिक्षण महाविद्यालयात गेले. मुंबईत १९१३ मध्ये सिडनहॅम महाविद्यालय आणि पुण्यात १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय स्थापन झाले. फर्ग्युसन महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक डॉ. शां. ब. मुजुमदार यांनी पुण्यात एकाकी पडणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी १९७१ मध्ये सिंबायोसिसची स्थापना केली. आफ्रिका व पश्चिम आशियातून आलेल्या विद्यार्थ्यांची पहिली अडचण इंग्रजीची असल्याने पुढच्याच वर्षी तेथे इंग्रजी भाषाशिक्षणाची स्वतंत्र संस्था सुरू झाली, आणि १९७८ मध्ये व्यवस्थापनाची संस्था आली. व्यवस्थापनाच्या परदेशी विद्यार्थ्याला शिकवली जाणारी व्यावसायिक इंग्रजी ही साहित्याची इंग्रजी नव्हे. चौकशीचे पत्र, दरपत्रक, सभेचे इतिवृत्त, तक्रारीला उत्तर, वाटाघाटीत नकार देताना संबंध न तोडण्याची शब्दयोजना, आणि आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने १९३६ पासून प्रमाणित केलेल्या 'इन्कोटर्म्स' या संज्ञा, उदाहरणार्थ माल जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची असे सांगणारी 'एफओबी', हा तिचा आशय असतो. तेहरानच्या वा नैरोबीच्या विद्यार्थ्याला पुण्यात ही भाषा शिकताना त्याच्या आणि शिक्षकाच्या, अशा दोघांच्याही मातृभाषेहून वेगळ्या भाषेत भेटावे लागते. जुन्नरच्या लेण्यांतील शक उपासक आणि श्रेणीचे सभासद यांचे नातेही बहुधा असेच होते.

या शिक्षणाची गरज आज त्या दोन तालुक्यांतच तीव्र झाली आहे. घोड नदीवरील डिंभे धरणासह कुकडी प्रकल्पातील धरणांच्या पाण्यावर येथे बागायत वाढली. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार राज्यभर ठाऊक आहे, आणि जुन्नरच्या काळ्या द्राक्षांना परदेशी बाजार मिळाला आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्षासाठी बागेची नोंदणी, फवारणीची नोंदवही, कीटकनाशकांच्या उर्वरित अंशाची प्रयोगशाळेतील तपासणी, अपेडा या केंद्रीय निर्यात प्राधिकरणाच्या 'ग्रेपनेट' प्रणालीतील नोंद आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र अशी कागदपत्रांची साखळी पूर्ण करावी लागते, आणि तिच्यातील निर्णायक कागद इंग्रजीत असतात. माल नाकारला गेला तर नुकसान कोणी सोसायचे, हे ज्या कलमात लिहिलेले असते ते कलम उत्पादकाला स्वतः वाचता येत नसेल, तर १८७५ च्या खातेदाराहून त्याची अवस्था फारशी वेगळी राहत नाही. त्यालाही निकितीनप्रमाणे मध्यस्थाच्या सचोटीवर विसंबावे लागते, आणि सचोटी ही व्यवस्थेची जागा घेऊ शकत नाही.

परदेशातून पुण्यात आलेल्या विद्यार्थ्याला जे शिकवण्याची सोय पन्नास वर्षांपूर्वी झाली, ते जुन्नर, नारायणगाव, मंचर आणि घोडेगाव येथील महाविद्यालयांत शिकणाऱ्या बागायतदारांच्या व हिरडा वेचणाऱ्यांच्या मुलामुलींना त्यांच्याच गावच्या कागदपत्रांवरून शिकवता येण्याजोगे आहे. द्राक्षाचा करार, तपासणीचा अहवाल, निर्यातदाराचे पत्र आणि नाकारलेल्या मालाची सूचना हेच त्याचे पाठ्यपुस्तक व्हावे; प्रत्येक कलमाचा अर्थ प्रथम मराठीत समजावून मग तीच गोष्ट इंग्रजीत लिहून घ्यावी. या महाविद्यालयांच्या वाणिज्य व इंग्रजी विभागांनी एकत्र येऊन असा अभ्यासक्रम आखावा, आणि त्यासाठी लागणारे कागद तालुक्यातील उत्पादकांनी व निर्यातदारांनी त्यांना उपलब्ध करून द्यावेत.